शिवडीची गाडी

काढलेला बोल्ट माझा मामा कधी डब्यात टाकत नाही. भाग सुटून हातात आला की तो बाजूला ठेवायचा, बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून पुसायचा आणि ज्या भोकातून निघाला त्याच भोकात दोन आटे फिरवून पुन्हा बसवायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. इंजिन उघडं पडलेलं असतं, चहा निवत असतो आणि हा माणूस आत्ताच काढलेली वस्तू परत लावत बसलेला असतो. पण बोल्टांचे ढीग वाढू लागले, त्यातले काही पाऊण इंची तर काही इंचभर लांबीचे निघाले, काहींचे आटे बारीक तर काहींचे जाड दिसले, की ध्यानात येतं: उघडतानाच जुळवणी सुरू झालेली असते. तरुणपणी ज्या कापड मिलमध्ये तो कामाला होता तिथे हे त्याला कुणी शब्दांत शिकवलं नव्हतं. ज्या फिटरच्या हाताखाली तो उभा राहिला, त्याचे हात असंच करत होते.

उघडलेली गाडी म्हणजे शेव्हरोलेची पिकअप, १९५१ सालची. सहा सिलिंडरचं साडेतीन लिटरचं इंजिन, गोल कपाळाची केबिन, मागे लाकडी तळाचा हौदा. पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे. स्टार्टर पायाने दाबायचा. लालबागच्या एका मंडपवाल्याकडे तिने आयुष्य काढलं. बारा महिने बांबू, कनाती, लोखंडी खुर्च्या आणि भाद्रपदात गणपती. मामाच्या लहानपणी चाळीतली पोरं तिच्या हौद्यात दाटीवाटीने बसून गिरगाव चौपाटीला विसर्जनाला जात आणि येताना रिकामा पाट कुणाच्या मांडीवर यावरून भांडत. पुढे टेम्पो आले, ही मागे पडली आणि कित्येक पावसाळे कॉटन ग्रीनला एका वखारीच्या कुंपणाशी उभी राहिली. मंडपवाल्याच्या नातवाने ती भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा त्याने आधी मामाला निरोप धाडला. मामाने भंगाराच्या भावाने पैसे मोजले आणि गाडी ओढत दादरला आणली.

दादरला आणली, कारण लालबागला ठेवायला जागा नाही. हिंदू कॉलनीतल्या आमच्या इमारतीत सासऱ्यांच्या वेळचं एक गॅरेज आहे. या वस्तीतल्या जुन्या इमारतींना तळमजल्यावर अशी गॅरेजं ठेवलेली असत, लाकडी दारांची, अरुंद, त्या काळच्या लहान विलायती गाड्यांच्या मापाची. आता त्यांपैकी कशात डॉक्टर बसतात, कशात शिकवणी चालते, कशात शिंपी. आमच्यात सासऱ्यांची फियाट होती. ती गेल्यावर तिथे जुनी कपाटं आणि सायकली साठल्या होत्या. पिकअप सोळा फुटांहून थोडी लांब. नाक भिंतीला लावलं तरी फाळका बाहेर अंगणात राहतो आणि उन्हाळ्यात सोनमोहर हौद्यात पिवळा सडा घालतो. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. उलट खालच्या मजल्यावरच्या आजी रोज दुपारी विचारतात, ‘आज काय निघालं?’

हिंदू कॉलनीपासून शिवडी फार लांब नाही. तिथे जनरल मोटर्सने १९२८ साली मोटारी जुळवायचा कारखाना काढला होता. समुद्रापलीकडून लाकडी पेट्यांमधून सुटे भाग बंदरात उतरत, शिवडीला पेट्या फुटत आणि तिथून चालती गाडी बाहेर पडे. शेव्हरोलेच्या मोटारी आणि ट्रक असेच देशभर गेले. १९५४ साली हे थांबलं. नुसती जुळवणी आता पुरे, भागही इथेच घडले पाहिजेत, असं स्वतंत्र देशाने ठरवलं आणि ज्या परदेशी कंपन्यांची तशी तयारी नव्हती त्या निघून गेल्या. त्या निर्णयाबद्दल मला आदर आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कुर्ल्यात उभी होती, माझगावला महिंद्रांच्या जीपा जुळू लागल्या होत्या. आपण बनवू शकतो, हा विश्वास त्या पिढीने कमावलेला होता. पण शिवडीत पेट्या फोडून गाड्या उभ्या करणारे हात कुणाचे होते, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. नायगाव, परळ, काळाचौकीच्या चाळींतून रोज पायी जाणारे ते लोक. अमेरिकेतल्या कुणीतरी काढलेले नकाशे समोर, आणि हातात पाना.

डाव्या दाराचं आतलं पॅनेल काढलं तेव्हा पत्र्यावर शेंदरी रंगात ओढलेला देवनागरी ७ सापडला. बोटाने काढल्यासारखा, जाड, खालचा पाय जरा लांबलेला. तो सातवा दरवाजा होता, सातवी गाडी, की सात नंबरच्या बाकावरचं काम, सांगायला आता कुणी नाही. मामाने बॅटरी जवळ धरून तो आकडा बराच वेळ पाहिला. मग आजूबाजूचा गंज घासून काढला, रेड ऑक्साईड मारला आणि आकड्याच्या कडेने ब्रश वळवून तेवढी जागा मोकळी ठेवली. ही गाडी या शहरात पहिल्यांदा आली तीही सुट्या भागांतच आली होती. कुणीतरी तिला इथे उभं केलं. आज ती तशीच सुटी पडली आहे आणि पुन्हा इथल्याच माणसांच्या हातून उभी राहते आहे, ही गोष्ट मला सगळ्या कामापेक्षा मोठी वाटते.

हॉर्निमन सर्कलहून निघणाऱ्या जुन्या मोटारींच्या रॅली मी लहानपणापासून पाहत आले. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, पारशी घराण्यांनी जपलेल्या बेबी ऑस्टिन, चकाकणारं पितळ. त्या गाड्या सुंदरच असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनी खस्ता खाल्लेल्या असतात. पण त्यांत मालाची गाडी क्वचित दिसते. ज्या गाडीत माणूस मिरवला ती घराण्यात राहिली. जिच्यात ओझं वाहिलं ती झिजेपर्यंत वापरली आणि विकून टाकली. दादरच्या फुलबाजारात पहाटे झेंडू उतरवणारी, भायखळ्याला भाजी आणणारी, ससून डॉकवरून बर्फात मासे नेणारी, मिलच्या फाटकातून कापडाचे तागे घेऊन मुळजी जेठा मार्केटला जाणारी गाडी कुणाच्या आल्बममध्ये नाही. हे शहर चाललं मात्र तिच्यावर.

परदेशी पुस्तकांत अशा कामाची छायाचित्रं असतात. घराशेजारी प्रशस्त शेड, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं, एका कोपऱ्यात लेथ, दुसऱ्यात वेल्डिंग आणि मध्ये एकटा माणूस. मुंबईत हे कुणाला परवडावं? आमच्या गॅरेजात दारं उघडली तरच मामाला गाडीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाता येतं. या शेव्हरोलेचा प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत असतो. क्लचपर्यंत पोचायचं तर मागचा अख्खा अॅक्सल मागे ओढावा लागतो. तो आम्ही अंगणात ओढला आणि घोड्यांवर ठेवला. पण खरं वर्कशॉप त्या अंगणातही मावत नाही. ते शहरभर पसरलेलं आहे. इंजिन उचलायची चेनपुली दारुखान्यातून आली, जिथे तोडलेल्या जहाजांचं सामान विकतात. बेअरिंगं, टॅप, कानशी नागदेवी स्ट्रीटवरून. व्हील सिलिंडरचे रबर आणि प्लग ऑपेरा हाऊसच्या मोटारसामानाच्या दुकानांतून. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मामाने पुढे केलेला जुना रबर नखाने दाबून पाहिला आणि कुठलं पुस्तक न उघडता दुसऱ्या एका ट्रकचा भाग काढून दिला, तो बरोबर बसला. काटे आणि मीटरच्या काचा चोर बाजारात मिळाल्या. स्प्रिंगच्या पाट्यांना पुन्हा कमान दिली भायखळ्याच्या पलीकडच्या एका भट्टीवर. तापलेला पाटा ऐरणीवर आला की घण मारणारे दोघं एकमेकांकडे पाहतही नाहीत, तरी घाव चुकत नाही. आमच्या वर्कशॉपची एक खोली लोअर परळला, एक नागदेवीला, एक भायखळ्याला आहे, आणि त्यांच्यामधल्या वाटा बेस्टच्या बसने पार कराव्या लागतात. पिशवीत कनेक्टिंग रॉड घेऊन बसमध्ये बसलेल्या मामाला कंडक्टर ओळखू लागले आहेत.

या रॉडांबद्दल थोडं सांगायला हवं. या इंजिनाच्या रॉडला नंतरच्या इंजिनांसारखे काढ-घालीचे बेअरिंग शेल नाहीत. रॉडच्या मोठ्या टोकात व्हाइट मेटल थेट ओतलेलं असतं: कथील जास्त, त्यात अँटिमनी आणि तांबं. खाली एक छोटी पळी असते, ती प्रत्येक फेरीत तेलात बुडते आणि तेल वर घेते. मेटल झिजलं की इंजिनाच्या पोटातून ठोका ऐकू येतो. थोडी झीज असेल तर टोपीखालची पातळ शिम काढून भागतं. आमचं त्यापलीकडे गेलं होतं. दुकानात मागून मिळणारी ही वस्तू नव्हे. जुनं मेटल वितळवून काढायचं आणि नवं ओतायचं, एवढाच मार्ग. ते ओतणारे एक काका लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीत आहेत. आजूबाजूच्या गाळ्यांत आता स्टुडिओ आहेत, काचेची दारं आणि कॉफी. यांच्या गाळ्यात शेगडी आहे.

मी दिवसभर तिथे बसून ते काम पाहिलं. काकांनी रॉड तापवून जुनं मेटल पाडलं, आतला पोलादी भाग आम्लाने धुतला आणि मग त्यावर कल्हई केली. चाळीच्या अंगणात पितळी पातेल्यांना होत असे तीच कल्हई, तोच नवसागराचा धूर, नाकात जाणारा. कथलाची अशी पातळ साय आधी चढली नाही तर ओतलेलं मेटल पोलादाला धरत नाही. मग दुसऱ्या भांड्यात मेटल वितळलं. थर्मामीटर नव्हता. लाकडाची एक काडी त्यांनी त्यात बुडवली, मोजक्या क्षणांनी वर काढली आणि तिचा रंग पाहिला. अजून नाही. पुन्हा एकदा. काडी तपकिरी आली, कोळसा झाली नाही, तेव्हा त्यांनी पळी उचलली आणि एका धारेत, मध्ये न थांबता, साचा भरला. धार तुटली तर आत थर पडतो आणि तो पुढे कधीतरी सुटतो. गाळ्यात तेव्हा कुणी बोलत नव्हतं. निवल्यावर त्यांनी रॉड दोरीला टांगला आणि हातोडीने हलकेच वाजवला. स्वच्छ, लांबणारा नाद आला, म्हणजे मेटल पोलादाशी एकजीव झालं. नाद बद्द आला असता तर सगळं पुन्हा.

त्यानंतर लेथवर भोक मापात आणायचं आणि शेवटचं काम हाताने. क्रँकवर निळा रंग पुसायचा, रॉड बसवून फिरवायचा, काढायचा, आणि जिथे निळं लागलं तिथेच स्क्रेपरने अगदी हलका चरा काढायचा. पुन्हा निळं, पुन्हा फिरवणं. हे मात्र मामाने स्वतः केलं, गॅरेजात, स्टुलावर बसून. ‘अगं, हात पुढे कर,’ म्हणून त्याने रॉड क्रँकवर बसवून माझ्या हातात दिला. आडवा धरून सोडला तर तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला. झटकन पडला तर सैल, अडकून राहिला तर घट्ट. त्या सावकाशीचं माप कुठल्याही गेजवर नाही, ते बोटांना कळावं लागतं. मला ते अजून पुरतं कळलेलं नाही, पण काय कळायला हवं हे आता कळतं.

मामा लालबागच्या एका मिलमध्ये इंजिनिअरिंग खात्यात फिटर होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा तो ऐन तिशीच्या उंबरठ्यावर होता. सुमारे अडीच लाख माणसं त्या दिवशी बाहेर पडली. त्यांतली बहुतेक पुन्हा आत गेली नाहीत. त्या संपावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पगाराबद्दल, युनियनबद्दल, जमिनींबद्दल. एका गोष्टीबद्दल कमी लिहिलं गेलं: त्या फाटकांआड जे हात घडले होते त्यांचं काय झालं? मिल म्हणजे नुसते माग नव्हते. तिच्या पोटात लोहारकाम, सुतारकाम, ओतकाम, टर्नर, फिटर, बॉयलरवाले असं एक गाव असे. तुटलेलं दातेरी चक्र विकत आणायच्या आधी ते घडवून पाहिलं जाई. संपानंतर ही माणसं पांगली. कुणी कोकणात गेलं, कुणी वॉचमन झालं. मामाने परळला एका छोट्या गाळ्यात मशीन दुरुस्तीची कामं घेतली आणि संसार ओढला. त्याला मी कधी कडवट बोलताना ऐकलं नाही. पण ही गाडी आल्यापासून त्याची चाल बदलली आहे, हे मामीही म्हणते.

पावसाळ्यात काम थांबलं नाही, फक्त पद्धत बदलली. मुंबईच्या हवेत मीठ आहे. सकाळी घासून पांढरा केलेला पत्रा संध्याकाळी तांबूस झालेला असतो. म्हणून एका वेळी जेवढं त्याच दिवशी रंगवून होईल तेवढंच घासायचं, हा नियम. काचकागदाखाली रंगाचे थर निघत गेले. वर मंडपवाल्याचा निळा, त्याखाली लाल, त्याखाली आणखी एक निळा आणि सगळ्यांत आत कारखान्याचा काळपट हिरवा. डेंटिंगवाला फार चांगला, मोगरीने ठोकून त्याने मडगार्डांचे पोचे असे काढले की लांबी भरायची वेळ जवळजवळ आलीच नाही. पण फाळक्याला हात लावायचा नाही, असं मामाने त्याला बजावलं. फाळक्यावर कुणा पेंटरने ब्रशने काढलेली अक्षरं आहेत, मंडपवाल्याचं नाव आणि खाली ‘लालबाग’. ‘ग’चा काना गळून पडला आहे. तो तसाच राहणार.

हौद्याचा लाकडी तळ पूर्ण कुजला होता. मूळचा तळ लांब फळ्यांचा, दोन फळ्यांच्या मध्ये लोखंडी पट्टी. नवं लाकूड घेता आलं असतं. पण त्याच सुमाराला मामाची चाळ पुनर्विकासासाठी पाडायला घेतली होती. बर्मी सागाच्या तुळया, जिन्याच्या पायऱ्या, गॅलरीच्या फळ्या ट्रकांत भरून जुन्या लाकडाच्या वखारींकडे जात होत्या. मामाने कंत्राटदाराकडून आपल्या मजल्यावरच्या गॅलरीच्या फळ्या विकत मागून घेतल्या. त्यांवर रंधा मारला तेव्हा गॅरेजभर सागाचा वास पसरला, शंभरएक वर्षांच्या लाकडातून इतका ताजा वास येतो यावर विश्वास बसत नाही. आईचं लहानपण त्या गॅलरीत गेलं. पापड त्यावर वाळले, आजोबांची शेवटची वर्षं तिथल्या खुर्चीत गेली, गोपाळकाल्याला खालच्या थरांवर पाणी तिथूनच ओतलं जाई. खिळ्यांची जुनी भोकं सुताराने बुजवायला घेतली, मामा नको म्हणाला. आई एकदा येऊन हौद्यात चढली, चप्पल काढून फळ्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली आणि म्हणाली, ‘ही आपल्या दारासमोरची.’ तिला ती कशी ओळखू आली ते मी विचारलं नाही.

इंजिन गेल्या मार्गशीर्षात सुरू झालं. आवाज मऊ आहे, ठोका नाही. गाडी अंगणातून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. पुढचं मात्र सोपं नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं असलेली. ती खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची, धंद्यासाठी नाही. शहराच्या हवेचा विचार केला तर हे रास्त आहे. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस पद्मिनी टॅक्सीही गेल्या, कारण वीस वर्षांची मर्यादा संपली. तरीही मालाची गाडी म्हणून जन्मलेल्या आणि मालाची म्हणूनच जगलेल्या गाडीला या नियमात नेमकी जागा कुठे, ते कागद फिरताहेत. निदान वर्षातून एक दिवस, विसर्जनाला, अशा गाडीला तिचं ओझं वाहू द्यावं असं माझं प्रामाणिक मत आहे. रिकामी असली की ती दणके देते. तिचे पाटे वजनासाठी घडवलेले आहेत, वजन आलं की बसतात आणि गाडी गुळगुळीत चालते.

नोंदणीचं होईल तेव्हा होईल. मला घाई आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. व्हाइट मेटल ओतणाऱ्या काकांच्या हाताखाली कुणी नाही. त्यांची मुलं वेगळ्या कामांत आहेत आणि त्याबद्दल त्यांना खंत नाही, पण काडीचा रंग ओळखणारा आणखी एक माणूस आपल्या मागे असावा असं ते बोलून दाखवतात. जुने पंप, जुनी जहाजी इंजिनं अजून त्यांच्याकडे येतात, म्हणजे कामही आहे. तुमच्या पाहण्यात हाताने काम करायला आवडणारं एखादं मूल असेल, आयटीआयला जाणारं असो की शाळा सुटलेलं, मुलगा असो की मुलगी, तर त्याला लोअर परळला न्या. काका शिकवायला तयार आहेत, पैसे मागत नाहीत. गाळा रोज सकाळी दहाला उघडतो, रविवारी बंद असतो.